डिकीतला कोपरा आणि चिरंजीवांचा बेस बॉक्स



लोणची, पापड, पर्वाचे दिवस आणि मुलांच्या परीक्षा यांवर लिहिणाऱ्या बाईने गाडीतल्या बेस बॉक्सवर लिहायला घेतलं म्हणून तुम्हाला नवल वाटेल. पण गेल्या हिवाळ्यात दीड महिना आमच्या घरात हाच विषय होता. त्यात मी मशीनवर बसून कापड शिवलं, फायबरची खाज सोसली आणि वीस वर्षांच्या मुलाशी बऱ्याच दिवसांनी मनमोकळं बोलले. ज्यांच्या घरी या वयाची मुलं आहेत, त्यांना हे उपयोगी पडेल असं वाटतं, म्हणून सगळं सविस्तर लिहिते.

आमचं घर इचलकरंजीत. 1904 मध्ये विठ्ठलराव दातारांनी इथे पहिला यंत्रमाग बसवला आणि पुढे सगळं गावच मागांवर उभं राहिलं. आमच्या गल्लीत तीन घरं सोडून मागांची शेड आहे. आवाज म्हणजे काय आणि भिंतीतून येणारा हादरा म्हणजे काय, हे आम्हाला कोणी शिकवायला नको. म्हणूनच चिरंजीवांनी ‘गाडीत वूफर बसवायचाय’ म्हटल्यावर ह्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. गावात एवढा खडखडाट असताना पैसे देऊन आणखी विकत कशाला घ्यायचा?

पण खरी अडचण आवाजाची नव्हती, जागेची होती. सासूबाई अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या. दोन वर्षांपूर्वी न्हाणीघरात पाय घसरून पडल्या आणि मांडीच्या हाडाचं ऑपरेशन झालं. घरात वॉकर धरून चालतात, बाहेर मात्र व्हीलचेअर लागते. आठवड्यातून दोनदा व्यायामाला न्यायचं, सकाळी मंदिरात, महिन्यातून एकदा बाहुबलीला, तेही कुंभोजच्या वाटेवर ठरलेल्या ठिकाणी शहाळं पिऊन. गाडी एकच. खुर्ची घडी करून डिकीत आडवी ठेवली की अर्धी डिकी भरते. बाजारात मिळणारा तयार बॉक्स चौकोनी, लाकडी. तो ठेवला की खुर्चीला जागा उरत नाही. ह्यांनी एका वाक्यात निकाल दिला, “डिकीत एक तर आज्जीची खुर्ची जाईल, नाहीतर तुझा डबा.” त्यानंतर बापलेक आठ दिवस एकमेकांशी बोलले नाहीत.

आमचा मुलगा डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला आहे, मेकॅनिकल. सुट्टीत एका लेथच्या कारखान्यात काम करून त्याने पैसे साठवले होते. मित्राकडून दहा इंची वूफर आणि अ‍ॅम्प्लिफायर जुन्यात घेऊन ठेवला होता. एरवी घरात दोन वाक्यांच्या वर बोलत नाही. नवव्या दिवशी मी भाजी निवडत होते, तेव्हा हा टेप आणि वहीचा कागद घेऊन शेजारी बसला. म्हणाला, “आई, डिकीचा डावा कोपरा रिकामाच असतो. खुर्ची तिथपर्यंत पोचतच नाही.”

मी जाऊन पाहिलं. खरंच होतं. मागच्या चाकाच्या उंचवट्याच्या पलीकडे एक खोलगट जागा असते. आमच्या गाडीत तिथे पुसायचं फडकं आणि पाण्याची एक जुनी बाटली पडलेली असायची. पण त्या जागेला एकही सरळ बाजू नाही. पत्रा आत-बाहेर वळलेला, वर निमुळता, खाली फुगीर. चौकोनी पेटी तिथे बसणारच नाही. फायबर मात्र ओलं असताना कापडासारखं असतं. जिथे घालाल तिथला आकार घेतं आणि वाळलं की दगड होतं. कोणाची जागा न घेता, जी उरली आहे तिच्याच मापाचा बॉक्स करायचा, हा त्याचा बेत होता. हे मला पटलं. घरात नवी सून येते, म्हातारं माणूस अंथरुणाला खिळतं, मुलाला अभ्यासाला कोपरा लागतो, तेव्हा आपण बायका दुसरं काय करत असतो?

मी आधी विचारलं, वूफरला पेटी लागतेच कशाला? नुसता ठेवला तर? त्याने पलंगावर वूफर ठेवून तसाच वाजवून दाखवला. पडदा जोरात हलत होता, पण आवाज पातळ, पत्र्याच्या डब्यावर बोटं वाजवावीत तसा. कारण असं की पडदा पुढे सरकतो तेव्हा समोरची हवा दाबली जाते आणि त्याच क्षणी मागची हवा विरळ होते. खालच्या सुरांच्या लाटा लांबलचक असतात. त्या पुढून आणि मागून निघून कडेला वळसा घालून एकमेकींना भेटतात आणि एकमेकींना मारून टाकतात. मागची हवा बंद पेटीत कोंडली की ही भेट टळते. शिवाय ती कोंडलेली हवा स्प्रिंगसारखी काम करते आणि पडद्याला पुन्हा जागेवर आणते. अमेरिकेत एडगर विल्चर यांनी 1954 मध्ये ह्याच तत्त्वावर छोटे बंद स्पीकर बनवले आणि ते गाजले. पुढे ऑस्ट्रेलियातले नेव्हिल थील आणि रिचर्ड स्मॉल यांनी कोणत्या स्पीकरला किती हवा लागते याचं गणित मांडलं. आज प्रत्येक वूफरबरोबर जो आकड्यांचा कागद येतो, तो त्यांच्याच हिशोबाचा.

आमच्या कागदावर लिहिलं होतं, बंद पेटी, पाऊण घनफूट. एक घनफूट म्हणजे साधारण 28.3 लिटर, म्हणजे पाऊण घनफूट झाले 21 लिटर. वूफरचा मागचा भाग पेटीत घुसतो आणि दीडेक लिटर जागा खातो, ते वरून धरायचे. म्हणजे साडेबावीस लिटरची पेटी हवी. फार लहान झाली तर आवाज ठोकल्यासारखा येतो, फार मोठी झाली तर पडदा सैल पडतो. कणकेत पाणी किती, तसाच हा हिशोब. कमी चालत नाही, जास्तही चालत नाही.

मी हो म्हणण्याआधी अटी घातल्या. एक, खुर्ची कशावरून उचलून न घालता सरळ आत गेली पाहिजे. दोन, स्टेपनी आणि मागच्या दिव्याचा बल्ब यांच्यापर्यंत हात पोचला पाहिजे. तीन, बॉक्स नटबोल्ट काढून बाहेर घेता आला पाहिजे, गाडीचा पत्रा कायमचा कापायचा नाही. चार, काम उघड्यावर आणि उजेडात, दिवस मावळला की बंद.

ही चौथी अट ऐकून तो हसला. पण तिच्यामागे कारण आहे. ओल्या रेझिनवर दिव्याच्या उजेडाला येणारी चिलटं, पाकोळ्या चिकटतात आणि सुटत नाहीत. एकेक थर घट्ट व्हायला तासभर तरी लागतो. रात्री दिवा लावून हे काम करणं म्हणजे जाणूनबुजून जिवांसाठी सापळा लावणं. पावसाळ्यात तर विचारूच नका. म्हणून आम्ही जानेवारी निवडला. सकाळी ऊन तापलं की सुरू, आणि दुपारी चारला हात धुवायचे. गंमत म्हणजे कामालाही हेच सोयीचं ठरलं. दमट हवा आणि फार थंडी रेझिनला मानवत नाही. कोरडं, उबदार ऊन मानवतं.

आता प्रत्यक्ष काम. पहिल्या रविवारी गल्लीच्या टोकाच्या मोकळ्या प्लॉटवर गाडी लावली, चारही दारं आणि डिकी उघडी. डिकीतलं कारपेट काढलं. जो कोपरा साच्यासारखा वापरायचा, त्यावर मास्किंग टेपचे दोन थर, वर स्वयंपाकघरातला अ‍ॅल्युमिनियम फॉइल, त्यावर मेणाचा हात. बाकीच्या सगळ्या गाडीवर प्लास्टिक. रेझिनचा एक थेंब सीटवर पडला तर तो निघत नाही.

काचेच्या धाग्यांची मॅट मिळते, पांढरी, बारीक चिरलेल्या शेवयांच्या चटईसारखी. ती कात्रीने तळहाताएवढ्या तुकड्यांत कापून ठेवायची. मोठा तुकडा वळणावर बसत नाही, लहान बसतो. आधी रेझिनचा हात, त्यावर तुकडा, वरून ब्रशने टोचत टोचत पुन्हा रेझिन. ओढायचं नाही, टोचायचंच. पांढरी मॅट पारदर्शक दिसायला लागली की समजायचं, रेझिन आतपर्यंत गेलं. जिथे पांढरं राहिलं तिथे हवा अडकली, आणि तिथेच पुढे तडा जाणार. तुकडे एकमेकांवर दोन बोटं चढवायचे.

इथे दोन गोष्टी ठळक सांगते. रेझिन घट्ट करायला दोन द्रव लागतात. एक जांभळट कोबाल्ट, दुसरा पाण्यासारखा दिसणारा हार्डनर. हे दोन्ही एकमेकांत थेट कधीही मिसळायचे नाहीत, भडका उडू शकतो. आधी कोबाल्ट रेझिनमध्ये पूर्ण ढवळायचा, मगच हार्डनर. काही दुकानांत कोबाल्ट आधीच घातलेलं रेझिन मिळतं, नवख्याने तेच घ्यावं. हार्डनर किती, तर रेझिनच्या वजनाच्या एक ते दोन टक्के, म्हणजे 300 ग्रॅमला तीन ते सहा ग्रॅम. तो डोळ्यात उडाला तर डोळा जाऊ शकतो, म्हणून चष्मा लावल्याशिवाय बाटली उघडायची नाही. पाण्यासारखा दिसतो म्हणून मी त्या बाटलीवर लाल पट्टी चिकटवली आणि ती घरात आणू दिली नाही. काटासुद्धा त्याने वेगळा आणला, स्वयंपाकघरातला मी दिला नाही.

दुसरी गोष्ट वासाची. रेझिनमधला स्टायरीन डोक्यात जातो. साधा कापडी किंवा धुळीचा मास्क त्याला अडवत नाही, कोळशाच्या फिल्टरचा रंगकामाचा मास्क लागतो. हातात रबरी मोजे. पहिले दोन थर झाल्यावर मी ठरवलं की वास पूर्ण जाईपर्यंत सासूबाईंना गाडीत बसवायचं नाही. पाच दिवस ओळखीच्या रिक्षावाल्या काकांना सांगितलं, त्यांनी सासूबाईंना धरून चढवलं-उतरवलं. त्या खर्चाचे पैसे चिरंजीवांनी स्वतःच्या खिशातून दिले, न मागता.

एकदा त्याने घाईत हार्डनर जरा जास्त घातला. मगातलं रेझिन दहा मिनिटांत तापलं, धूर यायला लागला. नशिबाने बाजूला वाळूची बादली होती, मग त्यात खुपसला. उरलेलं रेझिन कचऱ्यात, कागदावर टाकायचं नाही, वाळूत थंड होऊ द्यायचं. तेव्हापासून तो एका वेळी एक वाटीच कालवत होता.

दोन थर वाळल्यावर ते कवच गाडीतून बाहेर काढलं. त्याने आकार ठरवतानाच काळजी घेतली होती की आत फुगीर आणि तोंडाशी अरुंद असं कुठे होऊ नये. तांब्यात काही घट्ट बसलं तर तोंडातून बाहेर येत नाही, इडलीपात्रातून मात्र इडली सहज निघते. हात फिरवत, हलवत, शेवटी टक्क आवाज होऊन कवच सुटलं. फॉइल सोलल्यावर गाडीच्या कोपऱ्याचा हुबेहूब ठसा हातात आला. मग बाहेर ठेवून त्यावर आणखी पाच थर दिले. बोटाच्या पेराने ठोकून पाहायचं. पोकळ टपटप आवाज आला तर आणखी थर, दगडासारखा आला तर पुरे. पेटी थरथरली तर ती स्वतःच वाजायला लागते आणि सगळी मेहनत वाया जाते.

मग आला माझा भाग. पुढच्या तोंडाला वूफर बसवायची गोल रिंग 18 मिलिमीटरच्या एमडीएफमधून कापली आणि काठ्यांच्या टेकूवर हव्या त्या कोनात उभी केली. आता रिंगपासून कवचाच्या कडेपर्यंत कापड ताणून बसवायचं आणि त्यावर रेझिन ओतायचं. कापडच मग भिंत बनतं. त्याने आमच्या गावचं कोरं सुती कापड आणलं होतं. मी म्हटलं, अरे, हे मागावरचं आहे. उभ्या-आडव्या धाग्यांचं कापड ताणलं जात नाही, उरेब धरलं तरच थोडं ओढ देतं. इथे होजिअरी लागेल, विणलेलं, टी-शर्टचं. माझ्याकडे तिरुपूरच्या मालाचा एक तुकडा शिलाईतून उरला होता, जाडसर. तो काढला.

कापड ताणायची रीत गोधडीला चौकट लावण्यासारखीच. आधी वरचा मध्य, मग खालचा मध्य. मग डावा, मग उजवा. समोरासमोर जात कोपऱ्यांकडे यायचं. एका कडेने ओढत गेलात तर दुसऱ्या टोकाला चुण्या जमतात, आणि रेझिनमध्ये चुणी राहिली की ती पॉलिश पेपरने घासतानाही जात नाही. मी ओढून धरत होते, तो स्टेपल मारत होता. पाऊण तास लागला. समोरासमोर बसलो होतो, पण दोघांचेही डोळे कापडावर. आणि मुलं अशाच वेळी बोलतात.

तो म्हणाला, “आई, आज्जी पडली तेव्हा मी शेजारच्याच खोलीत होतो. कानात हेडफोन होते. तिने हाक मारली असणार.”

मी हात सोडला नाही, नाहीतर कापड निसटलं असतं. त्या दिवसानंतर त्याने घरात हेडफोन लावलेला मी पाहिला नव्हता, मला वाटलं होतं मोडला असेल. पुढे तो एवढंच म्हणाला की आता कान बंद करून काही ऐकावंसंच वाटत नाही, आणि घरात मोठ्याने लावता येत नाही. गाडीत सगळे बरोबर असतात. कोणी बोललं तर ऐकू येतं. दोन वर्षं हे त्याने पोटात ठेवलं होतं. मी एवढंच म्हटलं, “खालची कड धर, सैल पडतेय.” त्या क्षणी त्याला त्यापेक्षा जास्त काही नको होतं.

कापडावर रेझिन दिलं, वाळलं, आतून पुन्हा मॅटचे थर दिले. आता माप घ्यायचं. आकार असा वेडावाकडा की लांबी-रुंदी गुणून उत्तर येत नाही. त्याने विचारलं, चुरमुरे भरून मोजू का? मी नको म्हटलं. खायची वस्तू त्या पेटीत घातली की फेकायचीच, आणि अन्नाचं असं करायचं नाही. जुन्या बीनबॅगमधले थर्माकोलचे दाणे होते. पण ओलं रेझिन थर्माकोल विरघळवतं, म्हणून पेटी पूर्ण सुकायला तीन दिवस दिले. मग एक लिटरच्या मापाने भरत गेलो. तेवीस मापं बसली. साडेबावीस हवे होते. आतून एक थर आणखी द्यायचाच होता, त्यात अर्धा लिटर जाणार. दाणे परत बीनबॅगमध्ये गेले.

त्यानंतरचे चार दिवस कोणाही गृहिणीला नकोसे वाटतील असे. डेंटिंगवाल्याची पुट्टी लावायची, घासायची, पुन्हा लावायची. 80 नंबरचा पॉलिश पेपर, मग 120, मग 220. ही धूळ म्हणजे काचेचे बारीक कण. अंगाला लागली की खाज सुटते. गरम पाण्याने चोळलंत तर ती आणखी आत जाते. आधी थंड पाणी सोडायचं, न चोळता, मग साबण. ते कपडे घरच्या कपड्यांत भिजवायचे नाहीत. वेगळे धुवायचे आणि नंतर बादली दोनदा विसळायची. घासतानाही मास्क हवाच, आणि पाणी मारून ओलं घासलं तर धूळ कमी उडते.

शेवटी वरून काळं कारपेट चिकटवलं, वूफरच्या रिंगला आतून फोमची पट्टी लावली. आत उशीत भरतात तो पॉलिएस्टरचा कापूस सैलसर घातला, त्याने पेटी थोडी मोठी असल्यासारखी वागते. हवा गळत नाही ना, हे पाहायची सोपी युक्ती आहे. पडदा तळहाताने हलकेच आत दाबायचा आणि सोडायचा. सावकाश परत आला तर पेटी बंद आहे. पटकन उसळला तर कुठेतरी फट आहे. एका कडेला होती, ती भरली.

वायरिंगच्या वेळी हे आले. आठ दिवसांचा अबोला कधीच संपला होता, पण कामाजवळ ते पहिल्यांदाच थांबले. बॅटरीपासून मागे येणाऱ्या वायरवर फ्यूज बॅटरीच्या जवळ, दीड फुटाच्या आत हवा, म्हणजे मध्ये कुठे वायर घासली तरी आग लागत नाही. पत्र्याच्या भोकात रबराची चकती हवी. बोल्टसाठी भोक पाडण्याआधी खाली पेट्रोलची टाकी कुठे आहे ते वाकून बघायचं. हे सगळं दोघांनी मिळून केलं. बॉक्स घट्ट आवळला, कारण अचानक ब्रेक लागला तर दहा-बारा किलोचं सुटं वजन सीटवर येऊन आदळतं. मग ह्यांनी स्वतः व्हीलचेअर घडी केली आणि डिकीत सरकवली. खुर्ची आणि बॉक्स यांच्यामध्ये चार बोटं जागा उरली. काही बोलले नाहीत. पुन्हा एकदा काढून, पुन्हा घालून पाहिली, आणि आत निघून गेले.

पहिल्यांदा सासूबाईंना घेऊन निघालो तेव्हा मुलाने आवाज अगदी बारीक ठेवला होता. सासूबाई म्हणाल्या, “हे काय गं, पोटात बुंग बुंग वाजतंय? मृदंग हाय व्हय?” त्यांना हल्ली स्तवनातले शब्द नीट कळत नाहीत. वयाने आधी वरच्या सुरांचं ऐकणं जातं, आणि शब्दांतली स, त, फ ही अक्षरं त्याच वरच्या सुरांत असतात. खालचे सूर मात्र बऱ्याच वर्षांपर्यंत टिकतात. त्यामुळे बॉक्सने त्यांना शब्द ऐकू यायला लागले, असं काही नाही. पण ठेका कळतो, आणि त्या मांडीवर बोटांनी ताल धरतात.

दोन-चार दिवसांनी मुलाला विचारून मी त्यांना हेडफोनची गोष्ट सांगितली. त्या बराच वेळ माझ्याकडे बघत राहिल्या. मग त्याला हाक मारली, जवळ बसवलं. “अरे बाळा, मी हाक मारलीच न्हवती. मारायला दम कुठं होता माझ्यात?” हे कितपत खरं, मी त्यांना कधी विचारलं नाही. त्या रात्री तो पोटभर जेवून झोपला, एवढं मी पाहिलं.

आवाजाचे नियम मात्र आम्ही घरात ठरवले आहेत आणि ते पाळले जातात. सरकारच्या 2000 सालच्या ध्वनी नियमांत राहत्या वस्तीसाठी दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबलची मर्यादा आहे, आणि रात्र म्हणजे 10 ते सकाळी 6. इस्पितळ, शाळा, कोर्ट यांच्या भोवती 100 मीटरपर्यंत शांतता क्षेत्र असू शकतं. आमच्या गल्लीत गाडी शिरली की वूफर बंद. काचा वर असल्या तरी खालचे सूर भिंतीतून जातात, झोपलेल्या बाळाला आणि आजारी माणसाला ते आधी लागतात. मुलाच्या कानांसाठी म्हणून एवढं सांगते: जागतिक आरोग्य संघटनेच्या मते मोठ्या माणसाने 80 डेसिबलचा आवाज आठवड्याला 40 तासांपर्यंत ऐकावा, आवाज वाढला की हे तास झपाट्याने कमी होतात.

तुमच्या मुलाने असं काही मागितलं, तर सरळ नाही म्हणू नका आणि डोळे झाकून होही म्हणू नका. घरात कोणाची जागा त्याने जाणार आहे ते आधी विचारा. कागदावर माप काढायला सांगा. फायबरचं काम तो स्वतः करणार असेल तर मास्क, चष्मा, मोजे यांचे पैसे पहिल्यांदा बाजूला काढायला लावा, वूफरचे नंतर. आणि शक्य असेल तर कापड ताणायला तुम्ही बसा. ते काम आपल्याला येतं, मुलांना येत नाही, आणि त्या पाऊण तासात घरातलं बरंच काही कानावर पडतं.

तुमच्या घरी असे काही उद्योग चालू असतील तर जरूर लिहून कळवा. पुढच्या वेळी उन्हाळी कामं, सांडगे आणि कुरडया.